पायरीवरचं गिऱ्हाईक

६ जानेवारी

दादा,

वर 'तीर्थरूप' लिहिलं होतं, ते खोडलं. चार वर्षांत ज्याने घराची पायरी चढली नाही त्याला तीर्थरूप म्हणताना हात अडखळला. हे पत्र तुझ्या गोदामाच्या पत्त्यावर टाकते आहे, कारण खोलीच्या पत्त्यावर पाठवलेल्या पत्रांचं काय झालं ते मला अजून कळलेलं नाही. ती तुला मिळाली नाहीत, की मिळून उघडली नाहीस, की उघडून... जाऊ दे. मी अशा शक्यता काढत बसले की मामा म्हणतो, "वकीलीणबाई, कोर्ट सुटलं!"

कामाचं लिहिते. घरात एकाच्या लिव्हरमध्ये गाठ निघाली आहे. कोणाच्या, ते लिहीत नाही. तू आधी कोणाबद्दल विचारतोस ते मला बघायचं आहे. असं करणं बरं नाही हे मला समजतं, पण तुझ्याकडून काही काढून घ्यायचा दुसरा मार्ग मला माहीत नाही.

गाठ संत्र्याएवढी आहे आणि आत पाणी आहे, असं सोनोग्राफीत आलं. आपले नेहमीचे डॉक्टर म्हणाले, "पाणीच तर आहे. शनिवारी या, सुईने काढून टाकू." तिथेच, त्यांच्या दवाखान्यात, पडद्यामागच्या त्या हलणाऱ्या टेबलावर. बाबांना लगेच पटलं. त्यांना डॉक्टरांचं सगळंच पटतं, कारण डॉक्टर त्यांचं जुनं गिऱ्हाईक आहेत. मला पटलं नाही. का, ते सांगता येत नाही. बोलताना डॉक्टर आमच्याकडे न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते, एवढंच.

बाकी घरचं म्हणशील तर बाबांचा गुडघा दुखतो, दुकानाचं शटर आता अर्ध्यात अडकतं, आणि मला शाळेत पहिलीचा वर्ग दिला आहे.

शनिवारच्या आत काहीतरी कळव. नाही कळवलंस तर तेही मी उत्तरच समजेन.

धाकटी


१८ जानेवारी

दादा,

मला उत्तर न पाठवता तू मामाला फोन केलास. मामा मोटार वाइंडिंगचं काम तसंच टाकून, हाताला ग्रीस घेऊनच आला आणि दारातूनच ओरडला.

"अगं, तुझा भाऊ! चार वर्षांनी फोन, आणि कसे आहात नाही, बरे आहात नाही. विचारतो काय, तर कुत्रं अजून आहे का! वर मलाच दम देतो, त्या गाठीत कुणाला सुई घालू देऊ नका म्हणून. मी म्हटलं, साहेब, गोदामातून थेट आरोग्य खात्यात बदली झाली की काय? तर ठेवलाच फोन."

मामा हसला. मला हसू आलं नाही.

गाठ कोणाच्या पोटात आहे, हे तू विचारलंच नाहीस. म्हणून आता सांगते. माझ्या.

आणि आता तू सांग. माझ्या पत्रात कुत्र्याचा शब्द नव्हता. मी गुडघ्याचं लिहिलं, शटरचं लिहिलं. कुत्र्याचं लिहायचं मला सुचलंसुद्धा नव्हतं. लिव्हरच्या गाठीचा आणि आपल्या पायरीवरच्या कुत्र्याचा संबंध असू शकतो हे त्या दिवशी या गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनाही नव्हतं. तुला कसं होतं?

तुझ्यावर विश्वास ठेवून मी शनिवारी गेले नाही. शाळेत तपासणी आहे असं बाबांना खोटंच सांगितलं. मग हट्ट करून त्यांना मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या सर्जन एक बाई आहेत. त्यांच्या टेबलावर पेपरवेट म्हणून कुणाच्या तरी पित्ताशयातला खडा ठेवला आहे. त्यांनी माझी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली, आणि दादा, अगदी तसंच, बाबा कलेजी उजेडात धरतात तसंच, मान तिरकी करून बघितलं. मग पहिला प्रश्न. नाव नाही, वय नाही.

"घरात कुत्रं आहे?"

बाबा म्हणाले, "आहे की. गिऱ्हाईक."

बाईंनी वर पाहिलं. मग मला समजावून सांगावं लागलं की ते कुत्र्याचं नाव आहे. रोज सगळ्यांच्या आधी पायरीवर हजर, आणि घासाघीस म्हणून कधी करत नाही, म्हणून गिऱ्हाईक. आधीच्या दोघांचंही हेच नाव होतं. हे तिसरं.

"धंदा काय तुमचा?"

"मटणाचं दुकान. वडिलांपासून."

"कापता तुम्हीच?"

"सुरा मी दुसऱ्याच्या हातात देत नाही."

"कलेजीत पाण्याचे फोड निघतात कधी?"

बाबा खुर्चीत ताठ झाले. तुला ठाऊक आहे ते कसे होतात. "निघतात. पण तसली कलेजी माझ्या दुकानातून कधी गेलेली नाही. संशय आला की बाजूला. आख्ख्या गल्लीत विचारा."

"बाजूला म्हणजे कुठे?"

"कुत्र्याला टाकतो."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. मग त्यांनी सांगितलं, हळू, मी माझ्या वर्गाला सांगते तसं. मेंढीच्या कलेजीतल्या त्या फोडात एका जंताचं बी असतं. कुत्रं तो फोड कच्चा खातं, जंत कुत्र्याच्या आतड्यात वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. ती अंगणात असतात, कुत्र्याच्या केसांना असतात, तोंडाला असतात. पोर कुत्र्याच्या गळ्यात पडतं आणि त्याच हाताने खातं. पुढे वर्षानुवर्षं कळतसुद्धा नाही. मामाला हे नंतर सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे पोटभाडेकरूच! न विचारता शिरला, भिंती बांधल्या, आणि आता खोली सोडायला तयार नाही."

पण तिथे, त्या खोलीत, कुणी हसत नव्हतं. बाबांनी विचारलं, "म्हणजे मी ती कलेजी विकली असती तर?"

बाई खोटं बोलणाऱ्यातल्या नाहीत. "शिजवून खाल्ली असती तर त्यातून माणसाला हा रोग झाला नसता," त्या म्हणाल्या, आणि लगेच, "म्हणून विकायची नाही हो! जाळायची. नाहीतर कुत्र्याला उकरता येणार नाही इतकी खोल पुरायची."

बाबांनी मान हलवली.

मी निघताना सुईचं विचारलं. बाई म्हणाल्या, "अशा गाठीत, औषधाची तयारी नसताना, साध्या दवाखान्यात? ते पाणी पोटात सांडलं असतं तर एक तर तिथेच अंगावर गांधी उठून श्वास कोंडला असता, नाहीतर पोटभर नव्या गाठी रुजल्या असत्या. कुणी अडवलं तुला?"

"भावाने."

"डॉक्टर आहे?"

"नाही. गोदामात माल मोजतो."

"मग हुशार आहे," असं म्हणून त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. त्या काही आठवडे घ्यायच्या, मग ऑपरेशन. त्याला कसं कळलं, हे त्यांनी विचारलं नाही. मी विचारते आहे.

पाणी कुठेतरी मुरतंय, दादा.

धाकटी


२४ फेब्रुवारी

दादा,

इस्पितळातून लिहिते आहे. खाट खिडकीपाशी आहे. शेजारच्या बाईंचं पित्ताशय उद्या निघणार, माझी गाठही उद्याच. त्यांना घरून रोज कुणी ना कुणी भेटायला येतं, आणि त्या प्रत्येकाला माझी गोष्ट पहिल्यापासून सांगतात, "ही ती कुत्र्याची मुलगी." मी आता दुरुस्त करायचं सोडून दिलं आहे.

तू उत्तर दिलं नाहीस. तेव्हा मी माझ्या बाजूने जुळवलं आहे ते मांडते. चुकत असेन तर हे पत्र फाड, आणि मी तुझ्यावर असा संशय घेतला याची शिक्षा मला दे.

तू शेवटचा आलास ती सकाळ मला लख्ख आठवते. त्याआधी कित्येक महिने आला नव्हतास. कामाचा फार रेटा आहे, असं कळवलं होतंस. आलास तो अर्धा झालेला. बाबा म्हणाले, "खाणावळीत काय वारा वाढतात काय?" माल आला तेव्हा बाबांनी हाक मारली, तर तू हात लावला नाहीस. पाठ धरली आहे म्हणालास. नळावर तोंड धुतलंस ते शर्ट अंगात ठेवून, गळ्यापर्यंत भिजवून. मी हसले होते. तू हसला नाहीस.

मग मी पायरीवर बसले. गिऱ्हाईक माझ्या मांडीवर डोकं टाकून पडलं, आणि तू एकदम ओरडलास, "उठ तिथून! आणि ते कुत्रं आजच्या आज हाकला."

बाबा सुरा पुसत बाहेर आले. "का रे? चार दिवस खुर्चीत बसलास, तर आता दारातल्या कुत्र्याची घाण वाटायला लागली?"

"कुत्रं तरी राहील नाहीतर मी."

"मग तू चालू लाग. ते तुझ्यापेक्षा वेळेवर येतं."

गल्लीतली चार माणसं हसली. तू पिशवी उचललीस. डाव्या हाताने. तू डावखुरा नाहीस.

एवढी वर्षं मला वाटत होतं की नोकरीची हवा तुझ्या डोक्यात गेली. आता वाटतं की त्या कित्येक महिन्यांत तू अशाच कुठल्या तरी खिडकीपाशी पडला होतास, आणि तुझ्या कोणा सर्जननेही तुला पहिल्यांदा हेच विचारलं असेल, घरात कुत्रं आहे का.

संशय घ्यायला मला तुम्हीच शिकवलंत. आई गेल्यावर मला शाळेत सोडायला कुणी नव्हतं, म्हणून मी दुकानामागच्या खोलीत शिकले. बेरजा तू घातल्यास, अक्षर बाबांनी वळवलं. पाटीवर मी गिरवलेलं पहिलं आख्खं वाक्य बाबांच्या तोंडचं होतं, 'संशय आला की बाजूला.' कलेजी कशी बघायची तेही त्याच खोलीत शिकले. आधी उजेडात धरायची, मग अंगठ्याने दाबायची. वरून गुळगुळीत दिसली तरी अंगठ्याला कळतं. आज मी तुझी प्रत्येक आठवण तशी दाबून बघते आहे.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं. लिहिते. सर्जनबाईंना मी विचारलं की हे चार वर्षांपूर्वी कळलं असतं तर? त्या म्हणाल्या, "कदाचित गोळ्यांवर भागलं असतं." कदाचित म्हणाल्या. तो शब्द मी गाळत नाही, कारण गाळला तर ते तुझ्यावर अन्याय करणं होईल.

बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही. ते वॉर्डात येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून सांगतात, "मी खराब माल कधी विकला नाही." कुणी विचारलेलं नसताना.

दादा, तुला माहीत होतं का? हो की नाही, एवढंच कळव. माझ्या पोटात काय आहे ते उद्या बाई बघतील. तुझ्या पोटात काय आहे ते कोण बघणार?

धाकटी


६ मार्च

दादा,

गाठ निघाली. उजव्या बरगडीखाली हातभर टाके आहेत असं वाटतं, खरं तर वीतभरच आहेत.

बाईंनी कसं केलं ते मला चित्र काढून दाखवलं. आधी गाठीच्या चारी बाजूंनी खारट पाण्यात बुडवलेले कपडे दाबून बसवतात. मीठ भरपूर, म्हणजे चुकून एखादा थेंब सांडलाच तर त्यातलं बी तिथेच मरावं. मग गाठीतलं पाणी ओढून घ्यायचं, आत तेच खारट पाणी भरायचं, थांबायचं, आणि मगच गाठ उघडायची. आतून एक पांढरी पिशवी अख्खी निघाली, उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखी, आणि तिच्यात लहान लहान पिशव्या, द्राक्षाच्या मण्यांसारख्या. मागे राहिलेल्या पोकळीत पित्त झिरपतंय का ते बघून एक जागा शिवली, आणि एक नळी ठेवली.

बाबांनी ते बघायला मागितलं. बाहेर त्यांना ट्रेमध्ये दाखवलं. घरचे लोक बघतात आणि बहुतेक खाली बसतात, असं बाई म्हणाल्या. बाबा बसले नाहीत. त्यांना त्यात नवं काही नव्हतं. नुसतं म्हणाले, "हेच ते."

आता मुद्द्याचं. नळीच्या पिशवीत परवा हिरवट पिवळं पाणी दिसलं आणि मी घाबरले. सिस्टरवर माझा तसाही विश्वास नाही, कारण त्या सगळ्यांना 'छान आहे' म्हणतात. त्या पिशवी बदलता बदलता म्हणाल्या, "अगं, पित्त आहे ते. येतं थोडे दिवस, मग आपोआप थांबतं. तुझा भाऊ नाही का म्हणाला, त्याचं तर किती दिवस येत होतं."

"कोण भाऊ?"

सिस्टरने जीभ चावली. "अगंबाई. तू गुंगीत होतीस नाही का तेव्हा! आला होता. चौकड्याचा शर्ट. तुझ्या पायाशी बराच वेळ उभा होता."

म्हणजे हो.

बाबा संध्याकाळी आले. मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते काही वेळ चादरीच्या घड्या सारख्या करत बसले, मग स्वतःच म्हणाले, "आला होता तो. तुझ्या मामाने फोन करून तारीख कळवली होती."

"काय म्हणाला?"

"काही नाही. बाकावर बसला."

"बसला म्हणजे?"

"बसताना आधी उजवा हात बरगडीखाली गेला, मग खाली टेकला. परवा तुला खुर्चीत बसवलं तेव्हा तू बसलीस, अगदी तसा." बाबांनी स्वतःचा हात बरगडीखाली नेऊन दाखवला. "मी जन्मभर कापत आलोय. कापलेलं मला कळतं. मी विचारलं, तुला कुणी कापलं?"

"मग?"

"मग त्याने शर्ट वर केला."

पुढचं बाबा खिडकीकडे तोंड करून बोलले. तू म्हणालास म्हणे, "सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून तुम्ही दुकान उघडलं नसतं. सुरा हातात धरला नसता. मी ओळखतो तुम्हाला. म्हणून कुत्र्यावरून भांडण काढलं. म्हटलं, भांडणाने का होईना, कुत्रं जाईल."

मग बाबा म्हणाले, "आणि मी काय केलं? कुत्रं ठेवलं आणि त्याला घालवलं."

मला जांभईसुद्धा देता येत नाही इतके टाके ओढतात, तरी मी रडले. रडताना पोटावर उशी दाबून धरायची असते, हे तुला माहीतच असेल.

धाकटी


२५ मार्च

दादा,

नळी काढली. घरी आले आहे. शाळेत एवढ्यात जायचं नाही, गोळ्या अजून चालू आहेत.

बाबांनी दुकानामागे पत्र्याचं पिंप ठेवलं आहे. संशयाचं जे असेल ते त्यात जातं, आणि ते रोज स्वतः उभं राहून जाळतात, राख होईपर्यंत जागचे हलत नाहीत. गिऱ्हाइकाला जनावरांच्या डॉक्टरांकडून जंताचं औषध आणलं. आता त्याला शिजवलेलंच मिळतं. ते पायरीवर बसून बाबांकडे असं बघतं, जणू मापात मारलंय. बाबा त्याला म्हणतात, "बघतोस काय? माल बदललाय." मी कुत्र्याला हात लावला की बाबा आतून ओरडतात, "साबण!" आणि मी हात धुऊन दाखवेपर्यंत दुसऱ्या कुणाचं तोलत नाहीत.

तुझ्यावर मी रागावले आहे. ते लपवत नाही. तू बाबांना वाचवलंस असं तुला वाटतं, आणि तू सुई अडवलीस म्हणून मी आज लिहिते आहे, हेही खरं. दोन्ही पारड्यांत टाकून बघितलं. पण त्या सकाळी तू मला पायरीवर बसलेली बघितलंस. मला एकटीला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. मी कुणाला काही बोलले नसते, तुला ठाऊक आहे. तू मात्र बाबांचाच मुलगा. नको ते कापलंस, बाजूला टाकलंस, आणि वाटलं की झालं स्वच्छ. ते पडतं कुठे, हे तूही बघितलं नाहीस.

हे एकदा लिहायचं होतं. लिहिलं. पुन्हा लिहिणार नाही, कारण आता माझ्याकडे दुसरा संशय आहे, आणि तो जास्त महत्त्वाचा आहे.

सिस्टर निघताना मला म्हणाल्या, "भावाला सांग, स्वतःलाही दाखव म्हणावं. जिना चढताना मध्येच थांबला होता, बाजू दाबून." बाबांनाही विचारलं, ते म्हणाले की तू त्यांना सगळं बरं आहे म्हणालास. तुझ्या 'बरं आहे'वर आता या घरात कुणाचा विश्वास उरलेला नाही. बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या की ही गाठ काढल्यावरही दर वर्षी बघावं लागतं, परत येऊ शकते. तू शेवटचं कधी दाखवलंस? तू सांगणार नाहीस. म्हणून विचारत नाही.

बाईंकडे मी पुढच्या महिन्यात सोनोग्राफीची वेळ घेतली आहे. तुझी आणि बाबांची, एकाच सकाळी. बाबा आधी म्हणत होते, मला काही होत नाही, मी जनावरांसारखा धट्टाकट्टा. मी म्हटलं, तुमच्या मेंढ्याही वरून धट्ट्याकट्ट्याच असतात. तेव्हा कबूल झाले. काल मामाने चिडवलं, "भावोजी, पोराच्या आधी तुम्ही पळाल." तर म्हणाले, "त्याला पुढे उभा करा. त्याच्या मागे मी आहे, म्हणजे कुणालाच पळता येणार नाही."

पायरी धुऊन ठेवली आहे. गिऱ्हाईक आधीच येऊन बसलेलं असेल, त्याला ओलांडून ये. आणि येताना सैल शर्ट घाल.

धाकटी